खोलणीचा रविवार

मास्तर गेले त्याच्या सहाव्या दिवशी त्यांच्या थोरल्या लेकीने सायकल दुकानाचं शटर वर ढकललं, तेव्हा समोरच्या बेकरीवाल्याला वाटलं, काहीतरी विसरलेलं न्यायला आली असेल. ती न्यायला आली नव्हती. तिने पंक्चर शोधायच्या टबातलं शिळं पाणी गटारात ओतलं, ताजं भरलं, बाकावरची धूळ पुसली आणि मास्तर आजारी पडले तेव्हा अर्धवट राहिलेलं दूधवाल्याच्या सायकलीचं चाक हातात घेतलं. दूधवाला दुपारी चार शब्द बोलायला म्हणून आला, तर सायकल तयार होऊन भिंतीला टेकलेली. चाक फिरवून बघत तो म्हणाला, मास्तरांना बरं वाटलं असतं.

"बरं नसतं वाटलं," ती म्हणाली. "एक तार ढिली राहिलीय. ती त्यांना आधी दिसली असती." आणि ती तार तिने तिथल्या तिथे आवळून दिली.

घरात आणि गल्लीत सगळे तिला ताई म्हणत. एकटे मास्तर तिला फोरमन म्हणायचे. त्याचं कारण असं, की अकरा वर्षांची असताना तिने शेजाऱ्यांची सायकल कुणाला न विचारता खोलली होती. का, तर ती कुरकुरते आणि सकाळी झोपमोड होते म्हणून. पुन्हा जोडली तेव्हा दोन वॉशर उरले. रडवेली होऊन बापासमोर उभी राहिली, तर मास्तरांनी एवढंच विचारलं, उरलेले दोन कुठे आहेत? तिने मूठ उघडून दाखवली. मास्तर म्हणाले, जपून ठेवलेस म्हणजे कारागीर होशील, फेकले असतेस तर नुसती उचापती झाली असतीस.

पुढे ती शिकली. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायच्या नोकरीला लागली. पंख्याखाली बसायचं, पेन्सिलीला टोक करायचं, जमिनीखालून जाणारे नळ कागदावर आखायचे. सहा वर्षं हे केल्यावर एका सोमवारी तिने राजीनामा दिला आणि मंगळवारी दुकानात येऊन बसली. आई तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. मास्तरांनी मात्र फक्त एक अट घातली. दुकानात बाप-लेक हे नातं चालायचं नाही. तू चुकलीस तर मी गिऱ्हाइकासमोर सांगणार, मी चुकलो तर तूही सांगायचंस.

पंधरा वर्षं दोघांनी ही अट पाळली. एका गोष्टीवर मात्र त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. चाक सरळ करताना मास्तर तारा बोटाने छेडून कानाने काम करायचे. ताई चाकाशेजारी खडू धरायची आणि कुठे घासतो ते डोळ्यांनी बघायची. मास्तर म्हणायचे, खडू ही पांगळ्याची काठी आहे. ती म्हणायची, असू दे, काठीने माणूस पोचतो तरी. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याच्या हातात ती पंप द्यायची आणि हवा भरायला लावायची. सहा-सात जणांनी हवा भरल्यावर विचारणं बंद झालं.

ह्या घराचा एक रिवाज होता. त्याला ते खोलणी म्हणत. शाळांना मोठी सुट्टी लागली, की पहिल्या रविवारी दुकान बंद ठेवायचं आणि घरातल्या सगळ्या सायकली मागच्या अंगणात नेऊन पार खोलायच्या. जुनी चादर अंथरायची, तिच्यावर एकेक भाग मांडायचा, घासलेटमध्ये धुवायचा, पुसायचा, ग्रीस भरून पुन्हा जोडायचा. ताई सहा वर्षांची आणि भाऊ चार वर्षांचा असताना हे सुरू झालं. गावभरच्या सायकली धावतात आणि मास्तरांच्या घरच्याच तेवढ्या खडखडतात, असं आईने एकदा जेवताना ऐकवलं होतं, त्याचं हे फळ. भावाकडे चाकाच्या आसाभोवतीचे छर्रे, त्या वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या, मोजायचं काम. शेंडेफळ असलेली धाकटी बहीण मोठी झाल्यावर ब्रश घेऊन घासलेटच्या डब्यापाशी बसू लागली. आई चेन धुवायची. आपली सायकल आपण खोलायची नाही, दुसऱ्याची खोलायची, असा मास्तरांचा नियम होता. भर रस्त्यात आपली हाडं कुणाच्या हातात असतात ते कळलं पाहिजे, म्हणायचे.

स्वतःची सायकल तेवढी ते कुणाला देत नसत. "माझी सकाळीच उरकली," म्हणायचे. ती काळी, उंच सायकल खरंच पुसून लखलखीत केलेली असायची.

मग साडेपाचला सगळे मिळून गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायचे. साडेचार किलोमीटर जायला, तेवढेच यायला. आईला सायकल येत नव्हती. ती मास्तरांच्या मागे कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकून बसायची. गेली दोन वर्षं मात्र मास्तर म्हणाले की गुडघा धरतो, म्हणून सायकल हाताने ढकलत नेली आणि आई शेजारून चालत गेली. दोघं तलावावर पोचेपर्यंत पोरांचे डबे संपलेले असायचे.

मास्तर थंडीत गेले. आठ दिवस दवाखाना, आणि नवव्या दिवशी पहाटे संपलं. सुट्ट्या जवळ आल्या तसा दुसऱ्या शहरातून भावाचा फोन आला. तो विमा कंपनीत वरच्या जागेवर होता आणि त्याने सगळं ठरवूनच फोन केला होता. खोलणीच्या रविवारी एक छोटं सभागृह घेऊ, बाबांचा फोटो मोठा करून लावू, चार माणसं बोलतील. आणि बाबांची सायकल आहे तशी दुकानात काचेच्या पेटीत ठेवू.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, भाषण सुरू झालं की बाबा पाणी प्यायला म्हणून उठायचे आणि परत यायचे नाहीत, हे तुला माहीत आहे. खोलणी होणार. तू आलास तर छर्रे तू मोजशील, नाही आलास तर मी मोजेन.

आई भिंतीला टेकून कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत होती. कपडे शिवून देणं हा तिचा घरबसल्या धंदा होता. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "खोलणी करा. पण मी कुणाच्या मागे बसणार नाही."

ताईने त्याचा अर्थ असा घेतला, की आई येणार नाही. तिला वाईट वाटलं; पण आग्रह कुठे करावा आणि कुठे नाही हे ती जाणून होती. दुसऱ्या दिवशी आई दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली आणि डबा ठेवल्यावरही तिथेच घुटमळली. मग एका ठेंगण्या लाल सायकलीकडे बोट दाखवून तिने विचारलं, ही कुणाची? ताई म्हणाली, एका नर्सबाईंसाठी तयार करून ठेवलीय, त्या महिनाअखेरीला नेणार आहेत.

"म्हणजे तीन आठवडे आहेत," आई म्हणाली.

आई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. रोज पहाटे, उजाडायच्या सुमाराला, दोघी लाल सायकल घेऊन शाळेच्या मैदानावर जाऊ लागल्या. ताई सीट धरून पळायची आणि आई खाली बघायची.

"आई, समोर बघ."

"समोर बघितलं तर पाय कसा दिसणार?"

"पाय बघायचा नसतो. तो तुझाच आहे, कुठे जात नाही."

चौथ्या दिवशी आईचा कोपर फुटला. सहाव्या दिवशी ती वाळूच्या हौदात शिरली. ब्रेक आहे हे तिला कळत होतं, पण वेळेला हात तिकडे वळत नसे, म्हणून थांबायचं झालं की ती सायकल सरळ कुंपणाच्या झुडपांत घालायची. मैदानापलीकडून जाणारा दूधवाला हे सगळं रोज बघायचा आणि सौजन्याने दुसरीकडे मान फिरवायचा. अकराव्या दिवशी ताईने सीट सोडली. आईला ते कळलं नाही. ती अर्धं मैदान बोलत बोलत गेली, आणि उत्तर येईना तेव्हा वळून बघितलं आणि पडली. पण पडून उठली ती हसत. त्या दिवशी घरी जाताना तिने सायकल ताईला धरू दिली नाही.

अडचण आली ती खोलणीच्या आदल्या शुक्रवारी. नर्सबाई आल्या. कबूल केलं होतं, सायकल द्यावी लागली. दुकानाच्या माळ्यावर आणखी एक ठेंगणा सांगाडा पडून होता, पण त्याला चाकं नव्हती. मागवलेली चाकं सोमवारशिवाय येणार नव्हती. ताईने आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, तुझं दुकान आहे, तू बघ.

रविवारी सकाळी भाऊ आला. सभागृहाचं नावही त्याने काढलं नाही, बाह्या वर करून चादर अंथरायला लागला. शेंडेफळ आलं, ते आता तीस वर्षांचं होतं आणि शाळेत गणित शिकवत होतं, पण ब्रश त्याने कुणाला दिला नाही. दहा वाजेपर्यंत तीन सायकली सुट्या होऊन चादरीवर पसरल्या होत्या. अंगणात घासलेटचा वास भरला होता. मग ताई आत गेली आणि हुकाला टांगलेली मास्तरांची सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आली.

भाऊ उभा राहिला. "ही नाही खोलायची."

"नियम सगळ्यांना आहे."

"ताई, ती आता सायकल नाहीये."

"मग काय आहे?"

भावाचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो छर्ऱ्यांच्या वाटीत वाकला. शेवटी आईच पुढे झाली. दुसऱ्याची खोलायची असा नियम आहे ना, म्हणाली, मग ह्यांची मी खोलते. तिने पाना मागितला. ताईने योग्य मापाचा दिला आणि कुठल्या बाजूला फिरवायचा तेवढं सांगितलं.

मागचं चाक निघालं. भावाने सवयीने वाटी पुढे धरली. धुऊन मोजले आणि तो थांबला.

"सात," तो म्हणाला.

एका बाजूला नऊ हवेत. ताईने पुन्हा मोजायला लावलं. सातच होते, आणि त्यांतले दोन आकाराने बारीक. दुसऱ्या बाजूला ग्रीसचा पत्ताच नव्हता, नुसता काळा चिखल. चेनच्या एका कडीत तारेचा तुकडा वळवून घातलेला. ब्रेकच्या रबराऐवजी टायरचा काप. गावभरच्या सायकलींची नाडी बघणाऱ्या माणसाने स्वतःची सायकल किती वर्षं उघडली नव्हती, देव जाणे. सकाळीच उरकली म्हणायचे, म्हणजे फडकं मारलं असायचं.

पहिलं हसलं ते शेंडेफळ. मग भाऊ. वडील गेल्यापासून त्या अंगणात कुणी असं हसलं नव्हतं. हसता हसता भाऊ खाली बसला आणि दोन बारीक छर्रे तळहातावर घेऊन म्हणाला, माझ्या सायकलीत एक छर्रा कमी पडला होता, तर बाबांनी मला कान धरून उभं केलं होतं.

ताई मात्र सांगाडा पुसत होती आणि तिचा हात एका जागी थांबला होता. पेडलांच्या सांध्याजवळ रंगाखाली काहीतरी उंचवटा लागत होता. तिने नखाने रंग खरवडला. खाली पत्र्याची पट्टी निघाली, नीट वळवून बसवलेली. पट्टी सोडवली तर तिच्याखाली लोखंडाला चीर होती, अर्ध्या नळीभोवती गेलेली.

सगळे जवळ आले. आईने चिरेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे गुडघा नव्हता," ती म्हणाली.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. चीर पडलेल्या सायकलीवर मागे बायकोला बसवायचं नाही, आणि सायकल मोडकळीला आली हे कबूलही करायचं नाही. म्हणून दोन वर्षं गुडघ्याचं नाव सांगून ते साडेचार किलोमीटर चालले होते.

ताईला राग आला. खरं तर राग नव्हता, पण तिला पटकन दुसरा शब्द सापडत नव्हता. पंधरा वर्षं एकमेकांच्या चुका तोंडावर सांगायचा करार होता, आणि ह्या माणसाने पत्र्याची पट्टी तिच्या पाठीमागे, तिच्याच बाकावरच्या वाइसच्या पकडीत वाकवली होती. "मला का नाही दाखवली?" ती म्हणाली. विचारलं होतं मास्तरांना, पण उत्तर आईने दिलं.

"तुला दाखवली असती तर तू ती चालवू दिली असतीस का?"

ताईने क्षणभर विचार केला. "नसती दिली."

"मग?"

ताईने पुढचं चाक फिरवून बघितलं, मग मागचं. दोन्हींच्या रिमा चांगल्या होत्या, तारा शाबूत होत्या. छर्रे नवे घातले की झालं. ती आत जाऊन माळ्यावरचा ठेंगणा सांगाडा घेऊन आली आणि चाकांशेजारी ठेवला; माप जुळत होतं. तिच्या मनात काय आहे ते भावाला लगेच कळलं.

"बाबांना भंगारात काढायचं म्हणजे."

शेंडेफळ म्हणालं, अरे, काय बोलतोस. पण ताईने ते मनाला लावून घेतलं नाही. चूक सांगायची ती आवाज न चढवता, हे ती दुकानात शिकली होती.

"सांगाडा संपलाय. मी त्याला डाग देऊन उभा करू शकते, पण त्याच्यावर कुणी बसलं तर मला झोप लागणार नाही. चाकं अजून वीस वर्षं जातील. आणि आईला साडेपाचला निघायचंय."

भाऊ उठून पुढच्या बाजूला दुकानात जाऊन बसला. कुणी त्याला बोलवायला गेलं नाही. आई चेन धूत राहिली, ताईने चाकांतल्या छर्रे बसायच्या जागा पुसून ग्रीस भरलं. पाऊण तासाने तो परत आला, वाटी उचलली आणि विचारलं, मागे नऊ, पुढे दहा ना?

छर्रे त्यानेच बसवले. ताई खडू घेऊन मागचं चाक सरळ करायला बसली, तर तो शेजारी उकिडवा बसून एकेक तार बोटाने छेडू लागला, अगदी मास्तरांसारखी मान वाकडी करून. एका तारेपाशी थांबला. ही खाली बोलतेय, म्हणाला. ताईने चाक फिरवलं. खडू नेमका तिथेच घासला.

"कधी शिकलास?"

"शिकलो नाही. लहानपणी बाकाखाली खेळत बसायचो ना, तेव्हा ऐकू यायचं."

ताईने ती तार अर्धा आटा आवळली. पुढची सगळी चाकं त्यांनी तशीच केली, तो ऐकायचा आणि ती बघायची. आणि लवकर झाली, हे ताईने स्वतःहून कबूल केलं.

साडेपाचला नाही, पण पावणेसहाला सगळे निघाले. आई मध्ये, मागेपुढे पोरं. लाकडाच्या वखारीपाशी वळण आहे, तिथे समोरून हातगाडी आली आणि आईने जुन्या सवयीने झुडूप शोधलं. झुडूप नव्हतं, म्हणून ती फळ्यांच्या ढिगाला जाऊन थडकली. तळहात खरचटला. भावाने धावत येऊन तिला उठवलं आणि म्हणाला, माझ्या मागे बस, आता बास झालं. आईने हात पदराला पुसला, सायकल उभी केली आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. चढावर ती उतरून चालली. उतारावर तिने ब्रेक दाबला. बरोबर वेळी दाबला. ताईने ते मागून बघितलं.

तलावाच्या कठड्यावर बसून त्यांनी डबे सोडले. उन्हं कलली होती. पाण्यावर वारा होता. बराच वेळ खाण्याशिवाय कुणाचं लक्ष कशात नव्हतं. मग आई आपणहून बोलायला लागली. म्हणाली, तुम्हाला वाटत असेल मी मागे बसून आराम करायचे. हे सायकल चालवताना सारखे बोलत असायचे. तोंड पुढे, वारा पुढून, आणि मी पाठीमागे. मला निम्मं ऐकूच यायचं नाही. चाळीस वर्षं मी पाठीला कान लावून नुसतं हो हो म्हणत आले.

"काय बोलायचे?" शेंडेफळाने विचारलं.

"कुणाची चेन कोरडी आहे, कुणाचं सीट खाली घ्यायला हवं. बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाचं. पण एकदा ह्या इथल्याच उतारावर काहीतरी लांबलचक बोलले, अगदी हळू आवाजात. मी हो म्हटलं. खाली उतरल्यावर विचारलं, काय म्हणालात मघाशी? तर म्हणाले, तू हो म्हणालीस ना, मग झालं." आईने डब्याचं झाकण लावलं. "कशाला हो म्हटलं होतं, ते काही मला अजून कळलेलं नाही."

भाऊ म्हणाला, नक्की ताईची नोकरी सोडायची गोष्ट असणार. आई म्हणाली, छे, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. मग तिघंही अंदाज बांधत बसले, एकाहून एक वेडगळ, आणि अंधार पडायच्या आत निघायला हवं हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

काळा सांगाडा मंगळवारी भंगारवाल्याने नेला. भावाने त्याचं हँडल मागून घेतलं आणि मांडीवर ठेवून बसने घरी नेलं. त्याचं काय केलं ते त्याने सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. दुकानाच्या पाटीवर मास्तरांचं नाव होतं ते तसंच राहिलं. त्याखाली ताईने रंगाऱ्याकडून आपलंही लिहून घेतलं, त्याच मापाच्या अक्षरांत.

आई हल्ली शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून पोचवते. आठवड्यातून एकदा तरी दुकानात येते आणि ब्रेक उजवीकडे ओढतोय अशी तक्रार चारचौघांत, मोठ्या आवाजात करते. ताई म्हणते, ब्रेक ठीक आहे, तू एकच दाबतेस. मग दोघींची जुंपते, आणि हवा भरायला आलेला दूधवाला पंप हातात धरून, कोण जिंकतं ते बघत उभा राहतो.